सासूबाईंबरोबर तीन बंदरं

लग्न होऊन बरीच वर्षं झाली, तरी सासूबाई आणि मी, दोघंच असे, कधी फार वेळ एकत्र बसलो नव्हतो. भांडण वगैरे काही नव्हतं. उलट आमच्यात इतकं सौजन्य होतं की त्याचंच दडपण यायचं. मी हॉलमध्ये आलो की त्या टीव्हीचा आवाज कमी करायच्या. त्या स्वयंपाकघरात आल्या की मी चहाचा कप उचलून बाहेर जायचो. सासरे गेल्यावर पुण्याचं घर बंद करून त्या क्राइस्टचर्चला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मला वाटलं होतं, आता हे अवघडलेपण आपोआप जाईल. पण त्या मला "अहो जावईबापू" म्हणत राहिल्या आणि मी त्यांना "आई, तुम्ही बसा ना" म्हणत राहिलो.

आम्ही शहराच्या हॉर्नबी भागात राहतो. मी तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि बायको हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. घरात सगळ्यांना एकमेकांशी जोडण्याचं काम बायको करायची. सासूबाईंना काही हवं असेल तर त्या बायकोला सांगायच्या, बायको मला सांगायची. मला त्यांना काही विचारायचं असेल तर तेही तिच्यामार्फतच. दोघंही शेजारच्या खोलीत असलो तरी.

जुलैतल्या शाळेच्या सुट्टीत आमच्याकडे ऐन हिवाळा असतो. त्या सुट्टीत युरोपला जायचं, असं बायकोने बरीच वर्षं मनात धरलं होतं. तिच्या डोक्यात पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड असं काहीतरी होतं. एका रविवारी जेवताना तिने आईला सहज विचारलं, "तुला कुठे जावंसं वाटतं?"

सासूबाईंनी वरणभात कालवता कालवता सांगितलं, "जेनोवा. आणि मार्सेलिस."

आम्ही दोघंही थांबलो. बहात्तर वर्षांच्या बाई, आयफेल टॉवर म्हणतील, फार तर व्हॅटिकन म्हणतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

"जेनोवात काय आहे?" बायकोने विचारलं.

"बंदर आहे," त्या म्हणाल्या आणि भाताला लागल्या.

बायकोला वाटलं, त्यांनी टीव्हीवर काहीतरी पाहिलं असणार. पण तिने नकाशा काढला आणि तिला कल्पना आवडली. इटलीतल्या जेनोवाहून समुद्राच्या कडेकडेने रेल्वेने फ्रान्समधल्या नीसला जायचं आणि तिथून मार्सेला. आपल्या शाळेच्या पुस्तकात जे मार्सेलिस होतं, तेच हे. उन्हाळा, समुद्र, जुनी गावं, खाणंपिणं. मुलगी म्हणाली, "सो, हीप्स ऑफ बीचेस?" तिची आई म्हणाली, हो. "स्वीट ॲज," मुलगी म्हणाली आणि प्रवास ठरला.

जेनोवाला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी बायको पडली. त्या गावाचे जुने बोळ इतके अरुंद आहेत की हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतात, आणि डोंगरउतारावर असल्यामुळे जिकडेतिकडे पायऱ्या. कुणीतरी आपलं दार धुऊन पाणी बाहेर लोटलं होतं. शतकानुशतकं पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या त्या दगडी फरशांवरून बायकोचा पाय सटकला. हाड मोडलं नाही, पण घोटा बघता बघता भोपळ्यासारखा झाला. डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला, कुबड्या दिल्या आणि चार-पाच दिवस पाय वर ठेवून बसायला सांगितलं. आम्ही घेतलेली जागा तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. तिला वर न्यायला मी, मुलगी आणि खालच्या चपलांच्या दुकानातले दोघे, असे चौघं लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीशी खुर्ची लावून घेतली, पाय उशीवर ठेवला आणि आम्हाला हुकूम सोडला. "तुम्ही दोघं बाहेर जा."

"कोण दोघं?" मी विचारलं.

"तू आणि आई. मी कॉफी पीत लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत बसते. ही माझ्याजवळ राहील."

मुलीने टॅबलेटमधून मान वर न काढता सांगितलं, "आय'म गुड."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आधीच दुसरीकडे बघत होत्या. "नको गं, तुझ्याजवळ बसते मी. यांना जाऊ दे," त्या म्हणाल्या.

"आई, एवढ्या लांब माझी सेवा करायला आलीस का? जा बघू."

आम्ही दोघं जिना उतरलो. मी पुढे, त्या मागे, मध्ये पाच-सहा पायऱ्यांचं अंतर. खाली आल्यावर मी विचारलं, "कुठे जायचं आई?" त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तिकडे." मी म्हणालो, "नाही, तुम्ही सांगा." त्या म्हणाल्या, "मला काय, कुठेही." असं करत आम्ही दारातच उभे राहिलो. शेवटी चपलांच्या दुकानातला माणूस, ज्याने आदल्या दिवशी बायकोला उचलायला हात लावला होता, तो बाहेर येऊन बायकोची चौकशी करू लागला आणि त्याच्याशी खाणाखुणांनी बोलून झाल्यावर तो ज्या दिशेला हात दाखवत होता त्या दिशेला आम्ही चालायला लागलो.

आमच्यापुढे एक अडचण होती. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही. दोन दिवस त्या पाव, टोमॅटो आणि घरून आणलेलं मेतकूट, एवढ्यावर होत्या. कुणी काही बोललं की "मला भूकच नाही" म्हणायच्या. त्यांना उपाशी हिंडवलं तर बायको मला काय म्हणेल, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात त्या एका बोळाच्या तोंडाशी थांबल्या.

"बेसन भाजतंय कुणीतरी," त्या म्हणाल्या.

मला काही वास येत नव्हता. मी म्हणालो, "इथे बेसन कुठलं आई."

त्या बोळात शिरल्या. मी मागोमाग. दोन वळणांनंतर एक काळपट दुकान होतं. आत लाकडाची भट्टी धगधगत होती आणि एक माणूस आपल्या मोठ्या परातीएवढा, पण उथळ असा तांब्याचा तवा लांब दांड्याने भट्टीतून बाहेर ओढत होता. तव्यात सोनेरी, कडेने करपलेलं, मध्ये मऊ असं एकच एक मोठं धिरडं होतं. आता मलाही वास आला. तो बेसनाचाच होता.

काउंटरमागे साठीतली एक बाई होती. मी फोनवर भाषांतर शोधत होतो, तोवर सासूबाईंनी हाताने अंडं फोडल्यासारखं केलं आणि "नो?" असं विचारलं. त्या बाईला लगेच समजलं. तिने बोटांवर एकेक मोजत सांगितलं, "चेची, आक्वा, ओलिओ, साले." आणि प्रत्येक वस्तू दाखवली. हरभऱ्याची पिशवी, नळ, तेलाचा बुधला, मिठाचं भांडं.

सासूबाईंनी तेच चार शब्द तिला परत म्हणून दाखवले. नुसते म्हटले नाहीत. जिथे ती बाई थांबली होती तिथे त्या थांबल्या, जिथे तिचा आवाज वर गेला तिथे यांचा गेला. "साले" तर इतकं खणखणीत म्हणाल्या की मी नकळत इकडेतिकडे पाहिलं. मिठाला त्यांच्याकडे तसं म्हणतात हे मला कळलं होतं, तरी सासूबाईंच्या तोंडून तो शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसू आवरेना म्हणून पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मग मीही हसलो. काउंटरवरच्या बाईला काही कळलं नाही, पण तिनेही हसत कागदावर मोठाले तुकडे कापून दिले, वर मिरपूड घातली.

आम्ही ते उभ्याउभ्याच खाल्लं. सासूबाईंनी तीनदा घेतलं. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "ओवा हवा होता. पण भट्टीमुळे चव आली आहे."

मी विचारलं, "आई, तुम्ही ते शब्द एवढे हुबेहूब कसे म्हणालात?"

"सवय होती," त्या म्हणाल्या. "आता गेली म्हणा."

जेनोवात गावाच्या वरच्या भागात जायला सार्वजनिक लिफ्ट आहे. डोंगराच्या पोटातून ती सरळ वर एका गच्चीसारख्या जागेवर नेऊन सोडते. तिथे आम्ही एका बाकावर बसलो. खाली पाटीच्या दगडांची करडी छपरं आणि त्यांच्यापलीकडे सगळं बंदर. क्रेन, कंटेनर, बेटांवर जाणाऱ्या पांढऱ्या बोटी. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"मी इथे रोज फोन लावायचे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्या टेलिफोन खात्यात होत्या, एवढंच मला माहीत होतं. पुण्यात चौकशीच्या नंबरावर बसायच्या, कुणाचा फोन नंबर कुठला ते सांगायच्या, हेही ऐकलं होतं. पण लग्नाआधी त्या मुंबईला होत्या, परदेशी ट्रंक कॉलच्या बोर्डावर. तेव्हा परदेशी फोन थेट लागत नसे. कॉल आधी नोंदवावा लागे आणि ऑपरेटर तो जोडून देई. बॅलार्ड पिअरच्या जहाज कंपन्यांचे कॉल सतत असायचे. जेनोवा, नेपल्स, मार्सेलिस, बार्सिलोना. कानाला हेडफोन लावून या रोमच्या ऑपरेटरला हाक मारायच्या, ती जेनोवाला जोडायची, तिथून जहाजाच्या एजंटाचं ऑफिस. आवाज समुद्राखालून आल्यासारखा यायचा. स्पेलिंग सांगताना चुकलं तर माल भलत्याच बंदरात उतरायचा, म्हणून प्रत्येक शब्द ऐकल्यासारखाच परत म्हणायची शिस्त होती.

"मार्सेलिसच्या एका ऑफिसात स्विचबोर्डवर एक मुलगी होती," त्या म्हणाल्या. "नेहमी तीच फोन उचलायची. मी मार्सेलिस म्हणायचे, ती म्हणायची, मार्सेय. मी परत मार्सेलिस, ती परत मार्सेय. हसायची नाही, चिडायची नाही. मला जमेपर्यंत म्हणायची. मग मी तिला नमस्ते शिकवलं. कॉल जोडायला वेळ लागला की आम्ही दोघी लाइनवर असायचो. बोलायची परवानगी नव्हती. पण श्वास ऐकू यायचा ना. तिला सर्दी झाली तरी मला कळायचं."

"तिचं नाव काय होतं?"

"नाव विचारायचं नाही, असा नियम होता. ती मला बाँबे म्हणायची."

मी विचारलं की हे त्यांनी कधी सांगितलं कसं नाही.  त्या म्हणाल्या, "रात्रपाळी असायची ना. लग्नानंतर सासरी ते कुणाला आवडलं नाही. तुमच्या सासऱ्यांचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं, पण घरातल्या मोठ्या माणसांपुढे ते बोलले नाहीत. मी बदली मागून पुण्याला आले आणि दिवसाचं काम घेतलं. मग तो विषय निघाला की घरात सगळे गप्प व्हायचे, म्हणून मीच काढायचा बंद केला. पुढे मुलगी झाली, तिचं शिक्षण. राहूनच गेलं ते."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खाली एक मोठं जहाज हळूहळू वळत होतं, ते त्या बघत होत्या.  मी विचारलं, "आणखी एकदा ते धिरडं खायचं का?" त्या लगेच उठल्या.

संध्याकाळी बायकोसाठी आम्ही पुडक्यातून धिरडं नेलं. मी तिला सगळं सांगायला लागलो, तर तिने मध्येच आईकडे पाहिलं. तिने हे कधीच ऐकलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मी थांबलो. ते सांगणं माझं नव्हतं. मी फक्त बेसनाबद्दल बोललो.

पुढचे दिवस आम्ही दोघं रोज बाहेर पडलो. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या दगडी चर्चमध्ये गेलो. एका जुन्या व्यापाऱ्याचा वाडा आता म्युझियम झालाय, तिथे छतावरची चित्रं मान दुखेपर्यंत पाहिली. तुळशीसारख्या पानांचा, लसूण घालून दगडी खलात वाटलेला हिरवा गोळा चाखून सासूबाई म्हणाल्या, मिरची घातली असती तर ठेचाच. मग चीज आहे असं कळल्यावर कुठल्या प्रकारचं चीज, याची त्यांनी मला त्या दुकानदाराकडे एवढी चौकशी करायला लावली की त्याने शेवटी आतून चीजची आख्खी वडी आणून दाखवली. आता जिना उतरताना आमच्यात पायऱ्यांचं अंतर नसायचं. त्या माझ्या हाताला धरून उतरायच्या.

नीसला रेल्वेने गेलो. बायकोला आता एका कुबडीवर चालता येत होतं. नीसला समुद्राकाठच्या रस्त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे तिला बसवलं की ती खूश. खाली बीच होता, पण वाळूचा नाही, गोट्यांचा. आमच्या मुलीला वाळूचीच सवय. ती म्हणाली, "धिस इज अ कार पार्क." पण पाणी पाहून तिने तक्रार बंद केली. आमच्याकडचं पाणी उन्हाळ्यातही पोटऱ्यांपर्यंत गेलं की श्वास अडकतो. इथे ते कोमट होतं आणि रंग असा की खोटा वाटावा.

सासूबाई रबरी चपला घालून, पंजाबी ड्रेसवर, काठाशी उभ्या राहिल्या. मुलगी पाण्यात होती, मी तिच्यावर लक्ष ठेवून होतो. थोड्या वेळाने सासूबाईंनी ओढणी काढून माझ्या हातात दिली.

"मी जाते आत," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "आई, नको. तळ एकदम खोल आहे. गोट्यांवर पाय ठरत नाही. तुम्हाला पोहता येत नाही."

"कडेलाच बसते."

"एकीचा पाय मुरगळलाय तेवढा पुरे. मला तिला जाब द्यावा लागेल."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या. "मी काय पार्सल आहे का, सुखरूप पोचवायला?" त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

गुडघ्यापर्यंत गेल्या. दोन लाटा बऱ्या आल्या. तिसरी मागून गोटे ओढत परत गेली, तेव्हा त्यांच्या पायाखालचं सगळंच सरकलं आणि त्या खाली बसल्या. कमीज फुग्यासारखी फुगून वर आली. "अरे, धर मला, धर," असं त्या ओरडल्या. मी कपड्यांनिशी धावलो, पण माझ्या आधी दोन बायका तिथे पोचल्या. दोघी सासूबाईंपेक्षाही मोठ्या असतील, उन्हाने खारकेसारख्या झालेल्या, बिकिनीतल्या. त्यांनी एकेक हात धरून सासूबाईंना उभं केलं. मला वाटलं, आता काठावर आणतील. पण त्यांनी सासूबाईंना काहीतरी विचारलं, सासूबाईंनी मान हलवली आणि तिघी उलट आतच गेल्या. जिथे लाट फुटत नाही, नुसती वरखाली होते, तिथपर्यंत. तिथे त्यांनी सासूबाईंच्या पाठीखाली हात धरून त्यांना पाण्यावर आडवं केलं.

मी कमरेपर्यंत भिजून, हातात ओढणी घेऊन उभा होतो. मुलगी पोहत माझ्याजवळ आली. "बाबा, आजीज फ्लोटिंग," ती म्हणाली. मी म्हणालो, बघतोय. वर रस्त्याकडे पाहिलं तर बायको खुर्चीतून उठून एका पायावर उभी होती आणि कुबडी हवेत हलवत होती. ती थांबवते आहे की प्रोत्साहन देते आहे हे मला लांबून कळत नव्हतं. नंतर तिने सांगितलं की तिलाही ते तेव्हा माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर सासूबाई टॉवेल गुंडाळून दगडांवर बसल्या. ओठ थोडे थरथरत होते, चेहरा मात्र वेगळाच दिसत होता, घाटातून उतरल्यावर माणसाचा दिसतो तसा मोकळा. त्या दोघी बायका पुन्हा आपल्या चटईवर जाऊन उन्हात पडल्या होत्या.

"किती निवांत आहेत बघा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "मी मघाशी तुम्हाला अरे म्हटलं का हो?"

"हो."

"घाईत निघून गेलं तोंडातून."

"राहू द्या तसंच," मी म्हणालो. "बरं वाटलं."

त्यांनी माझ्या हातातली ओली ओढणी घेतली. ती पिळून परत देत म्हणाल्या, "ही तिकडे वाळत घाल." मी घातली.

दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांना दुकानात घेऊन गेली. "आजी, यू नीड टॉग्ज," असं तिने आदल्या रात्री जेवतानाच जाहीर केलं होतं. दोघींनी मिळून पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा गडद निळा पोहण्याचा पोशाख आणला. नीसचे उरलेले दिवस सासूबाई सकाळी त्यात पाण्याच्या कडेला बसून असायच्या आणि दुपारी गावातल्या बाजारात. तिथेही ते धिरडं होतंच, दुसऱ्या नावाने. जेनोवाचं जास्त बरं, असा त्यांनी निकाल दिला.

मार्सेला पोचलो तेव्हा बायको कुबडी नावापुरतीच वापरत होती. जुन्या बंदरावर सकाळी कोळणी ताजी मासळी मांडून बसतात. सासूबाई नाकाला रुमाल लावून पण कौतुकाने त्यांचा भाव करण्याचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या. शाळेत शिकलेली ती समुद्रातली उडी नक्की कुठल्या बाजूला असेल, यावर मी आणि बायकोने थोडा वेळ वाद घातला. मुलीला ती गोष्ट पहिल्यांदाच कळली आणि तिने पाण्याकडे बघून विचारलं, "वॉज इट कोल्ड?" 

टेकडीवरच्या चर्चमध्ये आम्ही चौघं बसने गेलो. आत छतापासून दोऱ्यांनी छोटी छोटी जहाजं टांगलेली आहेत. शिडाची, वाफेची, मासेमारीच्या होड्या. वादळातून वाचलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाहिलेली, असं तिथल्या पाटीवर होतं.

"नवसाची आहेत," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याकडे पाळणे टांगतात तशी." त्या प्रत्येक जहाजाखाली थांबून वर बघत होत्या. मुलीला त्यांनी नवस म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, "सो इट्स लाइक अ डील?" सासूबाईंनी थोडा विचार करून सांगितलं, "हो, पण देवाने आपलं आधी करायचं असतं."

उतरल्यावर बंदराच्या काठी सावलीत बाकं होती. त्यांच्यावर गावातल्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. कुणी कुत्र्याला घेऊन, कुणी नातवंडाला, कुणी एकटीच पाय पसरून. सासूबाई एका बाकावर टेकल्या आणि त्या बायकांकडे बघत राहिल्या. एकेकीकडे, नीट, बराच वेळ. मग मला हळूच म्हणाल्या, "आता एवढी झाली असेल ना रे ती?"

"हो," मी म्हणालो. "एवढीच."

"यातलीच एखादी असेल असं नाही. असंच आपलं."

बायकोने ते ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "कोण एवढी झाली असेल?" तिने विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुम्ही सांगा, आई. नीट सुरुवातीपासून." आणि मुलीला घेऊन आइस्क्रीम शोधायला गेलो.

आम्ही मुद्दामच लांबच्या टोकापर्यंत गेलो. मुलीने आइस्क्रीम संपवलं, आणखी एक घेतलं. एका दुकानात बेसनाच्या जाड वड्या तळत होते, पाटवडीसारख्याच, फक्त वर खोबरं-कोथिंबीर नाही. त्या मी बांधून घेतल्या. परत आलो तेव्हा दोघी एकमेकींना टेकून बसल्या होत्या. बायकोचा मुरगळलेला पाय सासूबाईंच्या मांडीवर होता आणि त्या बोलता बोलता घोटा चोळत होत्या. बायकोचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. त्या काय काय बोलल्या हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. मी पुडकं उघडून मध्ये ठेवलं.

एक वडी तोंडात टाकून बायको म्हणाली, "ही तर पाटवडी आहे."

"इतक्या दिवसांनी तुझ्या लक्षात आलं," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही जेनोवापासून हेच खातोय."

घरी परतलो तेव्हा हॉर्नबीत सकाळी गवतावर पांढरं दव गोठत होतं. आठवडाभर सगळ्यांची झोप उलटीसुलटी होती. एका सकाळी सासूबाईंनी तो निळा पोशाख टेबलावर आणून ठेवला आणि मला विचारलं, "आपल्या भागातल्या पूलचं पाणी गरम असतं ना रे?" तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, कामावर जाता जाता, मी त्यांना पूलपाशी सोडतो. उथळ भागात काही वयस्कर बायका पाण्यात चालायचा व्यायाम करतात, त्यांच्यात त्या असतात. अजून पोहता येत नाही. पण पाठीवर पडून राहता येतं, असं सांगतात.

बायकोचा घोटा दक्षिणेचा गार वारा सुटला की अजून ठणकतो. हॉस्पिटलमधल्या उशिराच्या पाळीनंतर ती सकाळी जरा उशिरा उठते. तोवर सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत बसलेलो असतो. परवा ती शाल गुंडाळून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रोज सकाळी काय एवढं बोलत असता रे तुम्ही दोघं?"

मी आठवून पाहिलं. शेजाऱ्यांनी कुंपणाची झाडं फार छाटली, यावर बोलणं चाललं होतं. त्याआधी कोबी यंदा कडक निघतोय, यावर. सासूबाईंनी तिच्यासाठी कप काढला आणि आमचं झाडांचं बोलणं पुढे चालू ठेवलं.